नऊ नंबरचा जोड

"छत्री आणि चपला आणा," गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं. "चपला सात नंबर आणा, म्हणजे मला वापरता येतील. वापरलं तरच पोचतं."

उद्या चंदनचा तेरावा होता. आणि चंदनचा नंबर नऊ.

"सात नंबर घालून कसा चालेल तो?" चंदनची आई सुचेता नवऱ्याला, गुणवंतला म्हणाली. गेलेल्या माणसाची वाट तापलेल्या वाळूतून जाते, दान दिलेलं पायताण तिथे त्याच्या पायात येतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ते मापाचं नसलं तर काय होतं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आईने तेराव्याआधी उंबरा ओलांडू नये, असं नणंदेने दोनदा बजावलं. सुचेताने तिच्यादेखत चपला पायात सरकवल्या. चंदनचा मित्र निकेत, त्याला सोबत घेतलं आणि नवरा-बायकोने मीरा रोडचं दुकान गाठलं.

दुकान स्नीकर्सचं. वर्षभर चंदनच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. बाविसाव्या वर्षी त्याला बुटांचं कलेक्शन करायचं होतं. वन-रूम-किचनमधल्या माणसाने जमवावीत ती पोस्टाची तिकिटं, एका पाकिटात मावतात; बूट पायात घालायचे असतात, मांडून ठेवायचे नसतात; हे गुणवंतने त्याला हजारदा ऐकवलं होतं. मग पोराला नोकरी लागली, पहिला जोड कुठला घ्यायचा यावर निकेतशी रोजचा खल सुरू झाला, आणि तो संपायच्या आत घोडबंदर रोडला बाइक घसरली.

"पहला पेअर हमेशा व्हाइट लो, भाई," सेल्समन निकेतला समजावत होता. "सब पे चलता है. फिर ब्लॅक. तीसरा कोई कलरवाला, जो दिल करे. शुरुआत में बस इतना." मग त्याचं लक्ष गुणवंतच्या तुळतुळीत डोक्याकडे गेलं. "तिरुपती गए थे, अंकल?"

गुणवंतने मान डोलावली. हो म्हणणं सोपं होतं.

तिन्ही जोड समोर आले. सुचेताने पांढरा उचलला, उलटा केला आणि अंगठ्याने दाबून बघितला.

"इसका सोल जाडा है ना? रस्ता गरम रहता है."

"ट्रेकिंग का है तो दूसरा दिखाऊँ, आंटी? जाना कहाँ है?"

"दूर," गुणवंत म्हणाला.

सुचेताला ठरवता येईना. पांढरा मळणार. काळा तापणार. निळा चांगला होता, पण बोटांपाशी निमुळता होता. भाजी घेतानासुद्धा ती इतका वेळ लावत नसे. शेवटी निकेतच हळूच म्हणाला, "काकी, त्याला पांढराच पाहिजे होता. पहिला पांढरा, ठरलेलं आमचं."

"मग पांढराच. पण नवा बूट चावतो रे. तुझाही नऊ ना? घालून बघ जरा."

निकेतने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि आरशापर्यंत चालून आला.

"टाचेला लागतंय?"

"नाही काकी. एकदम मस्त आहेत."

"ज्यादा मत चलो भाई, क्रीझ पडेगा," सेल्समन म्हणाला.

सुचेता त्याच्या पावलांकडेच बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैलावला.

"अहो, गुरुजींना नकोच हे," ती म्हणाली. "निकेत, उद्या तूच घे. जेवायला ये, पाटावर बस, आणि हे बूट घालून घरी जा. तू घातलेस की नीट पोचतील त्याला. नंबर पण एकच तुमचा."

"अगं, काय बोलतेस?" गुणवंत दचकला. मेलेल्याच्या नावाचं दान गुरुजी घेतात, ते पचवायचे मंत्र त्यांना येतात. तरण्या पोराच्या गळ्यात ते कोणी मारत नाही. गुणवंतच्या रत्नागिरीकडच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुचेतालाही होतं, पण आत्ता तिला आपल्या पोराच्या पायांपुढे काही दिसत नव्हतं.

"घेईन की, काकी," निकेत म्हणाला. "त्याच्यासाठी कुठे पण चालेन मी."

तो पुन्हा चालू लागला, या वेळी दाराच्या दिशेने.

"अरे, आईला विचारलंस का?" गुणवंतने मागून विचारलं.

"आईला कशाला सांगायचं, काका? ती उगाच घाबरते."

सुचेता ताडकन उठली. दाराशी पोचलेल्या निकेतला तिने दंडाला धरून मागे आणलं, बाकावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसली.

"काढ. आधी काढ ते."

"काय झालं, काकी?"

"काढ म्हणते ना!"

तिने नाडी ओढली, तर गाठ आणखीच आवळली. निकेत वाकायला गेला, तिने त्याचा हात झटकला. नखांनी, मग दातांनी, जमेल तशी ती गाठ सोडवू लागली. तोंडाने एकच चालू होतं, नको रे बाबा, नको.

"फिट नहीं है क्या, आंटी?" सेल्समनने विचारलं.

पहिला बूट निघाला. मग दुसरा. तिने दोन्ही लांब सरकवून दिले. निकेतचा मोजा फाटला होता, अंगठा बाहेर आला होता. सुचेताने तो पाय दोन्ही हातांत धरला.

पाय गरम होता.

तिने तो मांडीवर ओढून घेतला, पदराने झाकला, आणि गुणवंत "चल आता" म्हणाला तरी सोडला नाही.