आठवं पिल्लू

माझ्या मुलाने पाळलेल्या कॉर्न स्नेकची, म्हणजे बिनविषारी सापाची, सात पिल्लं पहिली कात टाकून खायला लागली, पण आठव्याने तीन आठवडे तोंड उघडलं नव्हतं. दोरीएवढा जीव, पण अख्खं घर वेठीला धरलेलं. "आज खाल्लं नाही तर नळीने भरवावं लागेल, आणि त्यात ते दगावूही शकतं," जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

मुलाने गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट करून सापाच्या डबीत ठेवलं, आम्हाला खोलीबाहेर काढलं आणि दार लोटलं. "कोणी डोकावायचं नाही. समोर कुणी बघत असलं की ते खात नाही." श्वास रोखून आम्ही उभे. अर्ध्या तासाने दार उघडलं, तर सापाचं पोट टम्म.

जीव भांड्यात पडला, तसे मुलासह आम्ही तिघं ताट घेऊन सासऱ्यांच्या पलंगाभोवती बसलो. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा हात थरथरतो, घास वाटेतच सांडतो. दोन दिवस ते अन्नाला शिवले नव्हते. "बाबा, एक घास तरी," म्हणत आम्ही त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.



सासरे नातवाला म्हणाले, "माझंही दार जरा लोटून घे."