आठ तासांची भट्टी

भट्टीचं दार पुसता पुसता काकांनी चष्मिशकडे चोरून पाहिलं. पठ्ठ्या शीळ घालत होता.

प्रयोगशाळेत काकांची बावीस वर्षं झाली होती, चष्मिशचे बावीस महिनेही नाहीत. तरी प्रमुखाच्या जागेसाठी संचालक बाईंनी दोघांना एकाच पायरीवर उभं केलं होतं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी जो जास्त कडक करून दाखवेल, जागा त्याची.

कृती दोघांना पाठ होती. पट्टी वितळू न देता तापवायची, पाण्यात बुडवायची, मग मंद भट्टीत आठ तास मुरवायची. आधी काढली तर कच्ची राहते. चष्मिशने मात्र पाण्यातून काढलेल्या पट्ट्या थंडच रोलरमधून दाबून घेतल्या आणि मग आपल्या भट्टीत ठेवल्या.

“हे काय नवीन खूळ?” काकांनी विचारलं.

“बघू या काका, जमलं तर जमलं.”

बाई कौतुकाने हसल्या. बावीस वर्षांत काकांच्या पट्टीकडे बघून त्या एकदाही अशा हसल्या नव्हत्या. काकांचा नुसता जळफळाट झाला.

बारा वाजता, चार तास भरले तेव्हा, चष्मिश जेवायला गेला. काकांनी त्याच्या पट्ट्या काढून कपाटामागे ठेवल्या आणि चारला पाच मिनिटं कमी असताना परत आत सरकवल्या. राहू देत कच्च्या! त्या दिवशी काकांना कँटीनचा चहासुद्धा गोड लागला.

सकाळी बाई चष्मिशच्या भट्टीच्या तापमानाचा आलेख घेऊन आल्या. चेहरा गंभीर.

“काल बारा वाजता आणि पुन्हा चारच्या तोंडावर दार उघडलंय. मधले चार तास पट्ट्या बाहेर होत्या. कुणी काढल्या?”

“मी त्या भट्टीकडे फिरकलोसुद्धा नाही. हवं तर लिहून देतो,” काका म्हणाले आणि खरंच वहीत तसं लिहून सही ठोकून मोकळे झाले.

बाईंचा चेहरा एकदम खुलला. “अहो, इतकी कडक पट्टी इथे आजवर निघालेली नाही! थंड दाबलेली पट्टी लवकर मुरते. आठ तास ठेवली असती तर उलट नरम पडली असती. ती चार तासांतच काढायचं ज्याला सुचलं, प्रमुख तोच.”

काकांनी तोंड उघडलं. वही बाईंच्या हातात होती. काकांनी ते पुन्हा मिटलं.

चष्मिशने काकांकडे एकदा नीट बघून घेतलं.

“मीच काढल्या, बाई,” तो म्हणाला.