कानातला बिल्ला
जनावरांच्या सरकारी नोंदीची सिस्टीम कुठं गंडती, यावर वनमाला पीएचडी करत होती. मागल्या महिन्यात नेकनूरजवळच्या वस्तीवर तिनं रतनबाईच्या गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलात टाकला अन् ‘जनावर मेलं’ असं दाबून बघितलं. सिस्टीमनं पुरावा न मागता मान्य केलं. चूक घावली म्हनून वनमाला खूश झालती. आज लंपीची लस घेऊन डॉक्टर आला, संगं तीबी; शेजारची दोन वासरं कालच गेलती. “मावशी, तुमची गाय मेलेली दावतंय. नोंदीबिगर लस देता येत न्हाई,” डॉक्टर मोबाईल बघत म्हनला. “मग रवंथ कोन करतंय, तुझा बाप?” वनमालानं बाजूला जाऊन सिस्टीमच्या साहेबाला फोन लावला. “म्याडम, मेलेलं जित्तं करायचं बटनच न्हाई. तुमच्या प्रबंधात लिहा.” डॉक्टर पेटी उचलून गेला. “हिला मेली लिहिनाऱ्याचं वाटोळं होईल,” म्हनत रतनबाईनं त्याच गाईच्या दुधाचा चहा वनमालापुढं ठेवला.