पहिली आंघोळ

"हा पंप आम्हाला नको. आमच्याकडे नळ सोडला की गरम पाणी येतं," असं म्हणत सासूबाईंनी सोलरवाल्याचं पत्रक परत केलं.

"गच्चीपासून खालपर्यंत पाइपात गार पाणी साठतं, मावशी. पहिल्या दोन बादल्या गारच येणार. पंप ते पाणी फिरवून गरम ठेवतो."

"अकरा वर्षं सोलर वापरतेय मी. मला शिकवू नका."

सोलर बसला त्याच वर्षी मी लग्न होऊन इथे आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बजावलं, सुनेनं सगळ्यांच्या आधी आंघोळ करायची आणि पाणी वाया घालवायचं नाही. त्या दोन बादल्या मी रोज अंगावर घेतल्या. थंडीत घेतल्या, तापात घेतल्या.

मी सोलरवाल्याकडून पत्रक घेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "नीट वाचा, आई. उद्यापासून पहिली आंघोळ तुम्ही करायची."