राणीची घाई

नव्या कुत्रीला पट्टा दिसला, की ती थरथरायची. मग रिटायर झालेला बसड्रायव्हर तिच्याशेजारी जमिनीवर फतकल मारायचा. "घाई नाही गं राणी, तुला वाटेल तेव्हा निघू."

ते ऐकून स्वयंपाकघरात बायकोचा जळफळाट व्हायचा. ती धावत येताना दिसत असूनही ह्याच माणसाने एकदा थांब्यावरून बस काढली होती. आणि 'राणी' तर तिने नव्या नवलाईतही ऐकलं नव्हतं.

अखेर एका सकाळी कुत्रीने पट्टा बांधू दिला. फाटकापाशी मात्र ती अडून बसली आणि रोज खाऊ घालणाऱ्या त्याच्या बायकोकडे वळून बघत राहिली. नवराही थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्यासाठी थांबलेला पाहून बायको हरखली आणि चपला शोधू लागली.

 

"आटप की लवकर," तो फाटकातून म्हणाला, "राणी खोळंबलीये."