गोंगाटाला हरकत

समोर शाळा नको म्हणून पहिली सही आजोबांची. पोरांच्या गोंगाटाने म्हणे डोकं उठेल. मग लेकाने बजावलं, "बाबा, जवळ शाळा नसेल, तर आम्ही तिघं उपनगरात जाऊ." नातीवर जीव असलेले आजोबा रातोरात शाळेचे कैवारी झाले. बांधकामाचा खडखडाट त्यांनी निमूट सोसला. रोज चष्म्याबरोबर कानांत कापसाचे बोळेही घालायचे. आज शाळेचा पहिला दिवस. नात आत गेली, घंटेची वेळ टळली, तरी उंच भिंतीपलीकडे चिडीचूप. आजोबांनी आजीला हाक मारली. "अगं, म्हाताऱ्यांच्या वस्तीत पोरंच नाहीत! शाळेला टाळं लागणार, नात चालली!" आजीचे नुसते ओठ हलले. शेवटी तिने त्यांच्या कानांतले बोळे उपटले. "बांधकाम संपलं हो केव्हाच!" पोरांचा कल्ला घरात घुसला. "काय हा गोंगाट!" आजोबा खेकसले, आणि खुर्ची खिडकीशी ओढून निवांत बसले.