पिवळ्या रंगाची चूक

"ताई, तुमच्या नव्या सॉफ्टवेअरने माझे सगळे आंबे कच्चे ठरवले!" देवगडहून बागायतदार मोंडकरांचा फोन होता.

मी हबकलेच. फोटोंवर काम करणारं आमचं हे फुकट, सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर म्हणजे पंधरा वर्षांचा गुंता झाला होता. आम्ही चौघांनी वर्षभर खपून त्याचे चाळीस सुटे भाग केले, ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा म्हणून. त्या गडबडीत मी माझी एक जुनी चूक गुपचूप दुरुस्त केली. माझ्या कोडमुळे पिवळा रंग जरा जास्तच पिवळा दिसायचा.

हे सांगताच मोंडकर म्हणाले, "अहो, त्याच्यावरच तर आमचा कॅमेरा पिकलेला हापूस ओळखायचा!"

मी कपाळावर हात मारला. मग ती चूक जुन्या कोडमधून जशीच्या तशी उचलली, तिचा एकेचाळिसावा भाग केला आणि खाली पहिल्यांदाच माझं नाव घातलं.

महिनाभरात हळदवाले, केळीवाले, झेंडूवाले सगळे तोच भाग उतरवून घेऊ लागले. आज सर्वात जास्त मागणी माझ्या चुकीला आहे. बाकीचे तिघे रोज विचारतात, "अजून एखादी लपवून ठेवली आहेस का गं?"